थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया: महिन्याभराचा बॅकपॅकिंग रूट कसा आखायचा

साउथईस्ट एशियाचा प्लॅन करायला बसलं की बहुतेक जण आधी जागांची यादी करतात, बँकॉक, फी फी, हा लाँग बे, आंग्कोर, जमलंच तर बाली पण, आणि मग त्या सगळ्यांना जोडणारी रेघ नकाशावर मारतात. माझं म्हणणं आहे की हे बरोबर उलटं करा. आधी तुमची सुट्टी कुठल्या महिन्यात आहे ते बघा, त्या महिन्यात पाऊस कुठे पडतो ते बघा, मग कुठली बॉर्डर जमिनीवरून ओलांडता येते ते बघा, आणि जागा सगळ्यात शेवटी. असं केलं की अर्धी यादी आपोआप गळते आणि जी उरते ती खरंच नीट बघून होते. बाली तर आत्ताच काढून टाका, तो विषुववृत्ताच्या खाली आहे, त्याचा पावसाळा वेगळा, तिकडे जायचं म्हणजे विमानानेच, त्याची ट्रिप वेगळी करा.

पाऊस म्हणजे आपल्याकडच्यासारखा जून ते सप्टेंबर एवढाच हिशोब तिथे चालत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. बँकॉक, उत्तर थायलंड, लाओस, कंबोडिया, सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) इथे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस. फुकेत-क्राबी, म्हणजे अंदमान समुद्राची बाजू, तीही मे ते ऑक्टोबर. पण त्याच थायलंडच्या दुसऱ्या बाजूला कोह सामुई, कोह फांगान, कोह ताओ ही बेटं आहेत, तिथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आणि मध्य व्हिएतनाम, म्हणजे ह्युए, दा नांग, होई आन, तिथेही मोठा पाऊस साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात, २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीला ह्युए आणि होई आन दोन्हीकडे मोठा पूर आला होता.

आता हे आपल्या सुट्ट्यांना लावून बघा. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर हनोई, निन्ह बिन्ह, हा जांग हा उत्तर व्हिएतनामचा भाग आणि उत्तर लाओस एकदम छान असतो, पण होई आन सोडा, कितीही फोटो बघितले असले तरी सोडा. मे महिन्यात निघणार असाल तर बाकी सगळीकडे उकाडा आणि पावसाची सुरुवात, पण ह्युए ते होई आन किनारा तेव्हा कोरडा असतो, समुद्रात उतरता येतं. नाताळच्या सुट्टीत कंबोडिया, सायगॉन, क्राबी हे सगळं मस्त, फक्त हनोईला स्वेटर लागतो आणि उत्तरेतल्या सापा या डोंगरातल्या गावी तर चांगलीच थंडी असते. एक महिना मात्र मी कोणालाच सुचवत नाही, तो म्हणजे मार्च, आणि एप्रिलचा पहिला भाग, उत्तरेसाठी. चियांग माय आणि उत्तर लाओसमध्ये तेव्हा शेतं आणि रानं जाळतात, धूर दरीत साचून राहतो, समोरचा डोंगर दिसत नाही आणि घसा धरतो. दम्याचा त्रास असेल तर अजिबात जाऊ नका.

सणही बघून ठेवा. व्हिएतनामचा तेत, त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत येतं, तेव्हा अख्खा देश आपापल्या गावी निघालेला असतो, ट्रेन-बस फुल आणि दुकानं बंद. एप्रिलच्या मध्यावर थायलंड, लाओस, कंबोडिया तिन्हीकडे नवीन वर्ष, थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान. रस्त्यावर पाणी उडवायला मजा येते, पण त्या दिवसात प्रवास ठरवू नका, एका जागी थांबा.

बॉर्डर. पूर्वी सगळे गोल फेरी करायचे, बँकॉकहून निघून लाओस-व्हिएतनाम-कंबोडिया करत बसने परत बँकॉक. तो शेवटचा टप्पा आता धरू नका. थायलंड-कंबोडिया वादात २०२५ च्या जूनमध्ये जमिनीवरच्या चौक्या बंद झाल्या आणि जुलैमध्ये सीमेवर लढाई झाली. चौक्या उघडल्यात अशी पक्की बातमी हातात असल्याशिवाय पोइपेत या कंबोडियाच्या सीमेवरच्या चौकीवरून जायचा प्लॅन करायचा नाही, जुने व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. त्यामुळे रूट गोल न ठेवता सरळ ठेवा, बँकॉकला उतरायचं आणि कंबोडियातून विमानाने बाहेर पडायचं, नाहीतर कंबोडिया आधी करून व्हिएतनाममधून मुंबईला यायचं, हनोई आणि सायगॉन दोन्हीकडून मुंबईला डायरेक्ट फ्लाइट मिळते. जायचं तिकीट एका शहराचं आणि यायचं दुसऱ्या शहरातून, हे एकाच बुकिंगमध्ये मल्टी-सिटी टाकून बघा. परतीचं तिकीट हातात असणं तसंही गरजेचं आहे, कारण मुंबईला चेक-इन काउंटरवर परतीचं तिकीट दाखवा म्हणून विचारतात.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहू द्यायला सुरुवात केली, पण ती मुदत कमी करायची चर्चा चालू असते, म्हणून तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या साइटवर बघाच, शिवाय मे २०२५ पासून पोचायच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर ती साइट चुकीची. व्हिएतनामचा ई-व्हिसा आधी काढायचा, ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, सिंगल एंट्रीला २५ डॉलर. यात लोक अडकतात ते एका रकान्यात, कुठल्या चौकीतून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार ते फॉर्ममध्ये लिहावं लागतं, म्हणून रूट ठरल्याशिवाय हा फॉर्म भरू नका. लाओसला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ई-व्हिसाही आहे पण तो ठराविक चौक्यांवरच चालतो, तुमची चौकी त्या यादीत आहे का बघा. कंबोडियाचा टुरिस्ट व्हिसा ३० डॉलर. लाओस आणि कंबोडियाचे स्टिकर पासपोर्टचं एकेक अख्खं पान खातात, पानं मोजून घ्या, सहा महिन्यांची व्हॅलिडिटी तर हवीच. डॉलर कोऱ्या नोटांचे न्या, जरा फाटलेली किंवा पेनाने लिहिलेली नोट कंबोडियात कोणी घेत नाही. पासपोर्ट साइज फोटो सोबत असू द्या.

आता प्रत्यक्ष रूट. तीस दिवस असतील तर चार देश होतात, तीन आठवडे असतील तर दोनच करा, थायलंड-लाओस किंवा व्हिएतनाम-कंबोडिया. नाहीतर अर्धी सुट्टी बस स्टँडवर जाते आणि परत आल्यावर कुठलं देऊळ कुठल्या देशात होतं तेच आठवत नाही. बँकॉक तीन दिवस, रात्रीच्या ट्रेनने चियांग माय, तिथे चार दिवस, मग चियांग राय एक. तिथून बसने दोन-अडीच तासांवर चियांग खोंग, मेकाँगच्या काठावर, समोर लाओस. चौथा फ्रेंडशिप ब्रिज डिसेंबर २०१३ मध्ये उघडला, तो चालत ओलांडता येत नाही, पुलावरची शटल बस घ्यावी लागते.

पलीकडे हुआय साय, आणि इथून लुआंग प्राबांगला जायची स्लो बोट. या दोन दिवसांसाठी मी बाकी काहीही कापायला तयार आहे. लांबलचक लाकडी बोट, आत जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीट ठेवलेल्या, बऱ्याचदा नुसत्याच ठेवलेल्या, खाली ठोकलेल्या नसतात, मागे इंजिन. बोट सकाळी साधारण अकराच्या आसपास सुटते पण लवकर जाऊन पुढची सीट धरा, मागे इंजिनचा आवाज दिवसभर डोक्यात बसतो. वाटेत कुठल्यातरी वाळूच्या काठाला बोट टेकते, तिथे ना धक्का ना पाटी, एखादी आजी तांदळाचं पोतं आणि कोंबड्यांची टोपली घेऊन उतरते, वरून पोरं पळत येतात आणि सामान घेऊन जातात, बोट पुढे. संध्याकाळी पाकबेंगला मुक्काम, एका चढत्या रस्त्याचं गाव, गेस्टहाऊस तिथे गेल्यावर बघून घेतलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशीसाठी पाणी आणि खायचं तिथूनच घेऊन ठेवा. लुआंग प्राबांगचा धक्का गावापासून दहाएक किलोमीटर लांब आहे, तिथून टुकटुकने आत जावं लागतं, त्यात कोणी फसवतंय असं समजून भांडू नका. आणि अजून एक, लुआंग प्राबांगच्या वरच्या बाजूला मेकाँगवर मोठ्या धरणाचं काम चालू आहे. नदी आत्ता जशी वाहते तशी बघायची असेल तर हा टप्पा पुढच्या ट्रिपवर ढकलू नका.

लुआंग प्राबांगला तीन दिवस द्या. तिथून लाओसची राजधानी व्हिएंटियानला जायचं असेल तर डिसेंबर २०२१ पासून ट्रेन आहे, पूर्वी डोंगरातून अख्खा दिवस लागायचा ते आता दोन तासात होतं. स्टेशनवर सामान स्कॅन करतात आणि डिओचे स्प्रे, चाकू-कात्र्या काढून घेतात, हे आधीच माहीत असू द्या. लाओसहून हनोईला मात्र विमानाने जा. बस आहे, चोवीस तास म्हणतात, त्याहून जास्तही लागतात, डोंगराचा रस्ता आणि मध्यरात्री बॉर्डर उघडायची वाट बघत बसायचं. लुआंग प्राबांगहून विमान तासाभरात पोचवतं. एवढ्या एका ठिकाणी पैसे खर्च करा, दोन दिवस वाचतात. पण हँडबॅगेला बहुतेक ७ किलोची मर्यादा असते, म्हणून एकूण पाठपिशवीच ७-८ किलोत बसवा, कपडे तीन जोड पुरतात, धुऊन देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत.

व्हिएतनाम लांबट आहे, हनोई ते सायगॉन रेल्वेमार्ग १७२६ किलोमीटर. एकाच दिशेने, उत्तरेतून दक्षिणेकडे खाली या. हनोई आणि निन्ह बिन्ह मिळून सहा दिवस, रात्रीच्या ट्रेनने ह्युए, आणि ह्युए ते दा नांग हा टप्पा दिवसाच्या ट्रेनने करा, हाय व्हान खिंडीत गाडी समुद्राला अगदी चिकटून जाते, ह्युएहून निघताना डावीकडची खिडकी घ्या. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून ३० किलोमीटर गाडीने. मग सायगॉन दोन दिवस.

स्कूटरबद्दल जरा कळकळीने सांगते, कारण पुण्या-नाशिकची पोरं दुचाकीवरच वाढलेली असतात आणि तिथे पोचल्या पोचल्या भाड्याने घेतात. भारतात मिळणारं इंटरनॅशनल लायसन्स रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचं असतं, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. म्हणजे तुमच्या हातातला कागद तिथे चालत नाही, आणि लायसन्स चालत नाही म्हणजे अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सही हात वर करतो. दुकानदार विचारत नाही म्हणून चालतं असं नसतं. हा जांगला मागे बसून जायची सोय आहे, स्थानिक मुलं चालवतात, तेच करा, घाटात डोंगर बघायलाही मिळतात.

सायगॉन ते नॉम पेन्ह बसने सहाएक तास, मोक बाय चौकीतून, किंवा चाउ डॉकहून मेकाँगमधून बोटीने. एक रात्र नॉम पेन्हला, मग बसने सिएम रीप, आंग्कोरची देवळं याच गावाजवळ आहेत. आंग्कोरचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, आणि तो तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, तोच घ्या. आपल्या माणसाने तिथे पळत पळत फोटो काढून येऊ नये असं मला मनापासून वाटतं. आंग्कोर वाट म्हणजे बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मा राजाने बांधलेलं विष्णूचं देऊळ, पश्चिमेकडे तोंड करून असलेलं. आत शिरल्यावर उजवीकडे वळा, पश्चिमेच्या ओवरीत दक्षिणेकडच्या भिंतीवर अख्खं कुरुक्षेत्र कोरलंय, दोन्ही बाजूंनी सैन्य चालून येतंय, मध्ये गर्दी होत जाते, आणि शरपंजरी भीष्म शोधला की सापडतो. डावीकडच्या ओवरीत लंकेचं युद्ध, वानर राक्षसांना चावतायत. पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन, पन्नास मीटरच्या जवळपास लांब. गाइड नसला तरी तुम्हाला गोष्ट माहीत आहे, बाकीच्या टुरिस्टांना ती वाचावी लागते. सकाळी सूर्योदय झाला की गर्दी नाश्त्याला जाते, ओवऱ्या तेव्हा बघा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर सगळ्यात वरच्या भागात सोडत नाहीत.

शाकाहारी असाल तर घाबरायचं कारण नाही, पण भाज्या दिसल्या म्हणून शाकाहारी समजू नका, फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट सगळ्यात असते. थायलंडमध्ये ‘जे’ म्हणा, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, त्यात कांदा-लसूणही नसतो, पण कंदमुळं असू शकतात, जैन मंडळींनी विचारून घ्या. व्हिएतनाममध्ये ‘चाय’, तिथे चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला बरेच लोक शाकाहारी खातात, त्या दिवशी साध्या खानावळीतही मिळतं. लाओस-कंबोडियात जरा जड जातं, तिथे शेंगदाणे, केळी, चिकट भात आणि घरून आणलेली चटणी यावर एखादी वेळ निघते.

बुकिंग किती करायचं? पहिल्या दोन रात्री, विमानं, रात्रीच्या ट्रेन आणि शेवटची रात्र, बस एवढंच. दर आठवड्याला एक दिवस रिकामा सोडा, पोट बिघडतं, पाऊस लागतो, नाहीतर एखादं गाव इतकं आवडतं की उद्याची बस नको वाटते. व्हिसाच्या कागदांच्या प्रिंट काढून पासपोर्टपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा, चौकीवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि व्हिएतनामच्या २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर दिसतात, त्या पाकिटात वेगवेगळ्या ठेवा.