जुनी विज्ञानकथा आणि भयकथा मुळापासून कशी वाचावी: 'समजा…'ची वही

एक वही घ्या, साधी दोनशेपानी चालेल. जुनी विज्ञानकथा किंवा भयकथा वाचून झाली की तिचा सारांश लिहू नका. तिच्या पोटात दडलेला प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याची सुरुवात 'समजा' या शब्दाने करा.

हे वाटतं तितकं सोपं नाही. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) घ्या. 'एक शास्त्रज्ञ राक्षस तयार करतो' हे झालं कथानक. प्रश्न असा आहे: समजा, माणसाने जीव निर्माण केला आणि डोळे उघडताच त्याला टाकून दिलं, तर? पहिलं वाक्य वाचलं की भीती राक्षसाची वाटते, दुसरं वाचलं की बापाची. माझ्या वहीत या पुस्तकासाठी चार वाक्यं खोडलेली आहेत. 'पोरका' हा शब्द सुचला तेव्हा कुठे पाचवं जमलं. तेव्हा खोडायला कचरू नका.

मग पुस्तकाचं साल बघा आणि तेव्हा लोक कशाबद्दल बोलत होते ते शोधा. मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात ती एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांचं युरोपीय वसाहतवाल्यांनी काय केलं, यावर भावाशी झालेल्या बोलण्यातून आपल्याला ही कल्पना सुचली, असं वेल्सनेच सांगितलंय. पहिल्याच प्रकरणात टास्मानियाचा उल्लेखही आहे. म्हणजे प्रश्न मंगळाचा नाहीच. समजा, आपण जे दुसऱ्यांवर लादलं तेच कुणी आपल्यावर लादलं, तर? ती लिहिताना वेल्स लंडनजवळच्या वोकिंगला राहत होता. सायकलवरून आसपास हिंडून तो मंगळवासी कुठे काय उद्ध्वस्त करतील त्या जागा हेरून ठेवायचा. इंग्लंडवर परकी सैन्य चालून येतं अशा कथा १८७१ पासून तिथे लोकप्रिय होत्याच. त्याने शत्रू तेवढा बदलला.

आता खरं काम. वहीच्या पुढच्या पानावर दोन रकाने आखा: 'घेतलं' आणि 'बदललं'. नुसतं 'अमक्यावर तमक्याचा प्रभाव' असं लिहून हाती काही लागत नाही. लेखकाने काय बदललं यातच त्याचा स्वतःचा प्रश्न सापडतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकन लेखक रिचर्ड मॅथेसनचं. पोरवयात त्याने ड्रॅक्युलाचा सिनेमा पाहिला आणि त्याच्या मनात आलं, एक पिशाच्च इतकं भयंकर, तर सगळं जगच पिशाच्चांनी भरलं तर? त्यातून १९५४ मध्ये 'आय ॲम लेजंड' ही कादंबरी आली. 'घेतलं'मध्ये लिहा: लसूण, आरसा, लाकडी खुंट, रक्ताची तहान. 'बदललं'मध्ये लिहा: शाप गेला, जंतू आला. पिशाच्चांच्या जगात एकटा उरलेला नायक नेव्हिल ग्रंथालयातून पुस्तकं आणतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो आणि रक्त तपासत बसतो. पिशाच्चांवर क्रूस का चालतो, याचंही तो उत्तर शोधतो. ज्यांची जिवंतपणी क्रूसावर श्रद्धा होती, त्यांच्यावरच तो चालतो. पिशाच्च झालेला बेन कॉर्टमन ज्यू, त्याला क्रूसाचं काही नाही, पण ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा समोर धरताच तो हबकतो. हाच कॉर्टमन पूर्वी नेव्हिलचा शेजारी होता, दोघं एकाच गाडीतून कामाला जायचे. आता तो रोज रात्री अंगणात उभा राहून नेव्हिलला बाहेर बोलावतो. ती हाक ओळखीच्या माणसाची आहे म्हणूनच अंगावर काटा येतो.

आता एका कथेतून दुसरीकडे जाणारी ही साखळी खाली, म्हणजे पुढच्या काळात न्या. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमासाठी मॅथेसनकडून कल्पना घेतल्याचं मोकळेपणाने मान्य केलं. वेढलेलं घर आणि खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या राहिल्या, लसूण आणि क्रूस गेले. एकट्या माणसाच्या जागी एकमेकांना अनोळखी अशी माणसं आली आणि प्रश्नच पालटला: समजा, बाहेर मरण उभं आहे आणि आतल्यांचंच आपसात पटत नाही, तर?

वर, म्हणजे मागच्या काळात गेलात तर ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) आणि त्याही आधी जॉन पोलिडोरीची १८१९ ची पिशाच्चकथा लागते. १८१६ च्या थंड, पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनने मेरी शेली, पोलिडोरी अशा सोबतच्या सगळ्यांना भुताची गोष्ट लिहायला सुचवलं. त्याच मुक्कामात पोलिडोरीच्या कथेचं आणि 'फ्रँकेन्स्टाइन'चंही बीज पडलं.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. दोन कथा सारख्या दिसल्या म्हणजे एकीतून दुसरी आली असं नसतं. लेखकाने स्वतः सांगितलेल्या दुव्याखाली सरळ रेघ मारा, तुमच्या अंदाजाखाली तुटक. वेल्स आणि रोमेरोच्या दुव्यांना सरळ रेघ मिळते. तुमची तुटक रेघ चुकीची ठरली तर पान फाडू नका, शेजारी कारण लिहा.

पिशाच्चांची ही साखळी मराठीपर्यंत आणायची असेल तर नारायण धारपांची 'लुचाई' घ्या. ती स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) वर बेतलेली आहे, आणि किंगचा प्रश्न होता: समजा, ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या छोट्या गावात आला, तर? दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा, रकाने आखा आणि गाव बदलल्यावर भीती कुठे कुठे बदलते ते एकेका प्रकरणागणिक टिपा. 'बदललं'चा रकाना आधी भरा.