पत्रक छापायला देण्याआधी वरचे दोन कोपरे बघा

निवडणुकीचं काम आलं की मी मजकुराआधी पत्रकाचे वरचे दोन कोपरे बघते. घोळ तिथंच असतो. मागच्या खेपेला एका माजी नगरसेवकांनी जुनं लेटरहेड पाठवलं आणि ‘ताई, ह्यावरच छापा’ म्हणाले. डावीकडे तीन सिंह, उजवीकडे नगरपरिषदेचं बोधचिन्ह, मधे हात जोडलेला फोटो. मी नाही छापलं. गल्लीतल्या आजीबाईंच्या हातात तो कागद पडला तर त्यांना ती सरकारी नोटीसच वाटणार. मत मागायला आलेला माणूस आणि सरकार यांतला फरक त्यांना कागदावर दिसायलाच हवा.

म्हणून पहिलं काम, सिंह काढायचे. सारनाथच्या स्तंभशीर्षावरून घेतलेलं हे राष्ट्राचं बोधचिन्ह, म्हणजेच राजमुद्रा. २००५ च्या कायद्यानुसार, कागद सरकारी आहे असा समज होईल अशा तऱ्हेनं ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २००७ च्या नियमांत तर माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार आणि निवृत्त अधिकारी यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: अधिकार नसेल तर त्यांनीही वापरायचं नाही. मुद्रा पदाची असते, घरी नेता येत नाही.

यावर कार्यकर्ते दोन युक्त्या सुचवतात. ‘सत्यमेव जयते’ पुसून टाका, नाहीतर सिंह फिकट करून मजकुरामागे घाला. दोन्ही नकोत. हुबेहूब भासणारी नक्कलही कायद्यात धरली आहे. शिवरायांच्या अष्टकोनी मुद्रेलाही आपण राजमुद्राच म्हणतो, तेव्हा फोनवर ऑर्डर घेताना कोणती मुद्रा ते विचारून घ्या.

नगरपरिषदेचं किंवा महापालिकेचं बोधचिन्हही मी काढते. ते सगळ्या गावाचं आहे, एका उमेदवाराचं नाही. ‘मी केलेली कामं’ या मथळ्याखाली पालिकेच्या गाडीचा फोटो असेल तर गाडीवरचं चिन्हही झूम करून बघा, तिथं हमखास नजर चुकते.

तिरंग्याच्या फोटोवर नाव टाकू नका. ध्वजसंहितेप्रमाणे ध्वजावर अक्षरं लिहायची नसतात.

शेवटी खालची ओळ: मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं आणि पत्ते. ती ‘जागा नाही’ म्हणून उडवायची नसते, फोटो लहान करा. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीवर, उमेदवाराची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही आणि तारीख घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा मी सही धरत नाही. सहीचं प्रूफ फाइलला लागलं की मगच छपाईची प्लेट.