बोअरच्या पाण्यात किती क्षार आहेत, ते साबणाला विचारा

किटलीच्या बुडाला पांढरा थर, नळाच्या जाळीवर खपल्या, अंघोळ झाली तरी अंगावर साबणाचा चिकटपणा, आणि पाच शिट्ट्या होऊनही तूरडाळ दाताखाली येते. लातूरला आमच्या कॉलनीत ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांच्या घरात ही चारही गाऱ्हाणी सुखानं एकत्र नांदतात. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाले तरी शेजारपाजारचे लोक बाटलीत पाणी भरून दारात येतातच. "ताई, तुरटी फिरवली तर क्षार जातील का?" हा पहिला प्रश्न. नाही जाणार. तुरटी गढूळपणा खाली बसवते, पाण्यात विरघळून बसलेल्या क्षाराला ती हात लावत नाही. "मग आरओ घेऊ का?" हा दुसरा. त्याचं उत्तर मी लगेच देत नाही. आधी मोजा, मग पैसे खर्च करा.

मोजायचं म्हणजे काय, ते आधी सांगते. पावसाचं पाणी जवळजवळ क्षाराशिवायच असतं. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्ल होतं आणि मग काळ्या बेसॉल्टमधलं आणि चुनखडीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. बोअरमधून आपण उपसतो ते हे पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, आमच्याकडे सरळ 'जड पाणी'. साबण त्यात गेला की कॅल्शियम आधी साबणाला पकडून त्याचा न विरघळणारा साका करतं. सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं संपल्यावरच उरलेल्या साबणाचा फेस होतो. म्हणजे फेस यायला किती साबण लागला यावरून क्षार किती ते कळतं. प्रयोगशाळेत हेच काम ईडीटीएचं (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या रसायनाचं) द्रावण ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या काचनळीत, भरून करतात, पाण्यात घातलेला सूचक लालसरचा निळा झाला की थांबतात. घरी साबण पुरतो.

साबणाचं द्रावण

साबण निवडताना वेष्टण वाचा. त्यावर 'टॉयलेट सोप' आणि टीएफएमचा, म्हणजे वडीत तेला-चरबीचा अंश किती त्याचा, आकडा हवा. ग्रेड १ म्हणजे किमान ७६ टक्के, तोच घ्या. 'बेदिंग बार' लिहिलेली वडी चालणार नाही, कारण तिच्यात डिटर्जंट मिसळलेलं असू शकतं, आणि डिटर्जंट जड पाण्यातही फेसाळतं. कपड्यांची पावडर, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड याच कारणानं बाद.

किसणीवर साबण किसून १ ग्रॅम घ्या. सोन्याचांदीच्या दुकानासारखा काटा लागत नाही, पण स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमला नीट दाखवत नाही. तेव्हा १० ग्रॅम किसून त्याचे कागदावर डोळ्यानं दहा सारखे ढीग करा. एक ढीग १०० मिलि कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूहळू ढवळून विरघळवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ना, तेच. नळाचं घेतलंत तर द्रावण तयार होतानाच अर्धं खर्ची पडेल. गार झाल्यावर ते गढूळ दिसेल, हरकत नाही, वापरताना हलवून घ्या.

आता झाकणाची पारदर्शक छोटी बाटली घ्या. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलिची सिरिंज आणा. बाटलीत तपासायचं पाणी बरोबर २० मिलि. साबणाचं द्रावण अर्धा-अर्धा मिलि सोडत जा आणि प्रत्येक वेळी झाकण लावून जोरात हलवा. सुरुवातीला बाटलीत दुधाळ ढग उठतो, काचेवर दह्याच्या कण्यांसारखा साका चिकटतो, वर आलेले चार बुडबुडे पाहता पाहता फुटतात. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथेच मुलं घाई करतात आणि एकदम दोन मिलि ओततात. मग एका हलवण्यात बदल होतो: हाताला बाटलीतला आवाज बोथट लागतो, आणि वर बारीक, दाट फेसाची सलग साय बसते. ती दोन मिनिटं टिकली तर थांबा. किती मिलि गेलं ते लिहून ठेवा.

हाच प्रयोग २० मिलि डिस्टिल्ड वॉटरवर करा. तिथे अर्धा मिलिच्या आसपास काम होतं. तो आकडा प्रत्येक मोजणीतून वजा करायचा.

मोजमापाला माप हवं

आपल्या पाण्याला सहा मिलि लागलं, तर त्याचा अर्थ काय? त्यासाठी ठरावीक क्षाराचं पाणी हातात हवं आणि ते फळ्याच्या खडूतून मिळतं. साधा पांढरा खडू बहुतेक वेळा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. त्याच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा. फसफसला तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा आहे, बाजूला ठेवा. 'डस्टलेस' खडू सहसा तसाच निघतो. न फसफसणारा खडू कुटून दोन चमचे पूड अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये घाला, दिवसभर येता-जाता हलवा आणि रात्रभर निवळू द्या. जिप्सम पाण्यात फार विरघळत नाही, आणि नेमका तोच त्याचा उपयोग: पूड कितीही जास्त घाला, वरच्या निवळीत लिटरला साधारण १,५०० मिलिग्रॅम इतकाच कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, येतो (सगळे क्षार कॅल्शियम कार्बोनेट धरून केलेल्या हिशेबात). एक वाटी निवळीत दोन वाट्या डिस्टिल्ड वॉटर घातलं की झालं ५०० मिलिग्रॅमचं पाणी.

या पाण्याच्या २० मिलिला वर सांगितलेलं द्रावण सात-आठ मिलि लागायला हवं. तुमच्या साबणावर ते थोडं पुढेमागे होईल, म्हणून पुस्तकातला आकडा न घेता तुमचाच आकडा धरा. समजा खडूच्या पाण्याला साडेसात लागलं आणि बोअरच्या पाण्याला सहा. मग ५०० गुणिले ६ भागिले ७.५, म्हणजे ४००. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार (२०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. एका लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅमचा फरक ही पद्धत दाखवत नाही. पण पाणी २०० चं की ८०० चं, हे ती चोख सांगते.

पावसाळा संपल्यावर एकदा आणि मेमध्ये एकदा मोजा. टँकर येत असेल तर टँकरचंही. आणि एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी मुद्दाम तपासून पाहा, पोरांना फार गंमत वाटते: ते जवळजवळ डिस्टिल्ड वॉटरइतक्याच साबणात फेसाळतं. पिऊ मात्र नये.

उकळून जाणारे आणि न जाणारे

आता खरा उपयोगाचा भाग. क्षार दोन प्रकारचे. बायकार्बोनेट उकळलं की फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना भांड्याला चिकटतो. किटलीतला थर तो हाच. सल्फेट आणि क्लोराइड कितीही उकळा, पाण्यातच राहतात.

तुमच्याकडे कुठला, हे पाहायला पाव लिटर पाणी पातेल्यात पंधरा मिनिटं खळाखळा उकळा. झाकून गार करा. वाफ होऊन जेवढं घटलं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा पाव लिटर करा. ही पायरी गाळू नका, नाहीतर उरलेलं पाणी दाट होऊन उत्तर चुकतं. निवळलं की वरचं २० मिलि घेऊन पुन्हा साबण सोडा. आधी सहा मिलि लागत होतं आणि आता दोन लागलं, तर तुमचं काम सोपं आहे: डाळीसाठी, चहासाठी पाणी उकळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी वापरा. आकडा फारसा हललाच नाही, तर उकळण्यात गॅस जाळू नका.

अशा पाण्यात कपडे धुवायचे असतील तर धुण्याचा सोडा आहे. ५०० च्या पाण्याच्या १५ लिटर बादलीला कोरडी पूड साधारण ८ ग्रॅम. ढवळून काही तास ठेवलं की कॅल्शियम चुना होऊन तळाशी बसतं. मॅग्नेशियम बरंचसं तसंच राहतं. हे पाणी फक्त धुण्याचं, पिण्याचं नाही.

डाळ का शिजत नाही

डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं. जड पाण्यात डाळ टाकली की ती शिजताना एकीकडे मऊ होते आणि दुसरीकडे आवळली जाते. उपाय त्यावरूनच सुचतात. भिजवतानाच पाणी मऊ घ्या, शक्य असल्यास पावसाचं किंवा उकळून निवळलेलं. भिजवताना थोडं मीठ घातलं तर सोडियम काही कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते. "मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही" असं आमच्या आईसकट सगळ्या बायका सांगतात, पण दोन वाट्यांत निम्मी-निम्मी डाळ भिजवून तुम्हीच ठरवा. चिंच, आमसूल, टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावरच. आंबटात पेक्टिन हट्टी होतं. खाण्याचा सोडा चिमूटभर चालतो. चमचाभर घातलात तर डाळीचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि ब१ जीवनसत्त्व जातं.

थर काढायचा तर

आधी थरावर लिंबाचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर तो चुना, आम्लानं जाईल. काहीच झालं नाही तर तो जिप्सम किंवा सिलिका, त्याला आम्ल ओतणं वाया.

किटलीसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, २५ ग्रॅम अर्धा लिटर कोमट पाण्यात घालून तासभर ठेवा. प्लग काढलेला हवा. उकळू नका: गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि पांढरी पूड होऊन पुन्हा बुडाला बसतं. नीट पाहिलंत तर थर वरून झिजत नाही. भेगांच्या कडांतून बुडबुड्यांच्या रांगा निघतात आणि थराचे पापुद्रे उचलून येतात. व्हिनेगरनंही होतं, फक्त फार लागतं. १० ग्रॅम थराला ४ टक्क्यांचं व्हिनेगर ३०० मिलि पुरवावं लागतं, लिंबूसत्त्व १४ ग्रॅममध्ये भागतं. शॉवरची चाळणी याच द्रावणाच्या पिशवीत बांधून ठेवा.

संडासचं ॲसिड या कामाला आणू नका. ते स्टील आणि क्रोमच्या नळाला खातं, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंटही. आणि ब्लीचिंग पावडर टाकलेल्या जागी कुठलंही आम्ल, अगदी लिंबूसत्त्वसुद्धा, ओतायचं नाही. क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

गिझरच्या टाकीत घरगुती आम्ल ओतू नका. आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, टाकी गंजण्याआधी तो स्वतः झिजतो; आम्ल आधी त्यालाच संपवेल. मेस्त्रीला बोलवाल तेव्हा कॉइल साफ करून घ्या आणि दांडा काढून दाखवायला सांगा. नुसती तार उरली असेल तर नवीन बसवा. थर्मोस्टॅट उगाच वर ठेवू नका, पाणी जितकं तापतं तितका चुना लवकर बसतो.

दारावर येणारा विक्रेता

याच्याबद्दल मला मनापासून राग आहे. तो दोन पेले मागतो, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. मग धातूच्या कांड्यांचं यंत्र दोन्हींत बुडवून प्लग लावतो. तुमचं पाणी मिनिटाभरात तपकिरी-काळं होतं, आरओचं स्वच्छ राहतं. "बघा काकू, तुम्ही हे पिता!" ती घाण तुमच्या पाण्यातली नसते. क्षारामुळे पाण्यातून वीज वाहते, कांडीचं लोखंड विरघळतं आणि त्याचा गंजासारखा गाळ दिसतो. आरओच्या पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून कांडी शाबूत. त्याला म्हणा, "दादा, आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा लावा." तोही पेला तपकिरी होईल. घरी मात्र हे करून पाहू नका, ती कांडी थेट मेन्सवर असते.

त्याच्याकडचा टीडीएस मीटरही सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, मिठासकट. डाळ कशानं अडली ते तो सांगत नाही.

साबणही एक गोष्ट सांगत नाही: पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे का. पिण्यासाठी बोअरच वापरत असाल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच पाणी घ्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आणि बाटलीवर तारीख आणि बोअरची खोली लिहा. जंतूंची तपासणी हवी असेल तर निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्या, ती विसळायची नसते.