खंभातच्या गाळात शहर शोधताय? या चुका टाळा

सोनार म्हणजे आवाजाच्या लहरींनी समुद्रतळाचं चित्र काढणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर सरळ रेघ दिसली की नवशिक्यांच्या अंगात येतं. एकाला भिंत दिसते, दुसऱ्याला थेट राजमार्ग.

एकदा खंभातच्या आखातात रात्रपाळीला पोरगं ओरडलं, "सर, वाडा सापडला!" पडद्यावर समांतर रेघा, पट्टीनं आखल्यासारख्या. मी चहा संपवला आणि तांडेलला म्हटलं, "भाऊ, आता आडवी लाईन मारू." बोट काटकोनात वळली, आणि वाडाही तिच्याबरोबर वळला! बोटीवरच्या दुसऱ्या इको साउंडरचा, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्राचा, आवाज आमच्या सोनारमध्ये शिरत होता. तो बंद केला, वाडा गेला. तेव्हापासून आडवी लाईन मारल्याशिवाय मी कुठल्याही आकृतीला नाव देत नाही. डिझेल जळतं, जळू दे. आकृती दोन्ही लाईनींवर टिकली तरी लगेच पेढे वाटू नका. इथल्या भरतीचा जोर असा की वाळूचे वरंबे अगदी शिस्तीत उभे राहतात.

दुसरी चूक म्हणजे ड्रेजनं, म्हणजे तळावरून ओढायच्या खोऱ्यानं, ओरबाडून आणलेल्या वस्तूंवर इमले बांधणं. याच आखातात बुडालेलं शहर सापडल्याची घोषणा २००१ साली झाली. वर काढलेल्या लाकडाचा एक तुकडा सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचा निघाला होता. अहो, ते वय झाडाचं! लाकूड नद्यांतून वाहत येतं, भरती ते इकडून तिकडे नेते. कुठल्या थरातून आलं हे माहीत नसेल, तर तारखेचं काय लोणचं घालायचं? अनेक पुरातत्त्वज्ञांनी हाच आक्षेप घेतला. मला गाभा लागतो, म्हणजे नळी खुपसून थर जसेच्या तसे वर आणलेले. वेळखाऊ काम आहे. घाई असेल त्यानं शिंपले वेचावेत.

शिंपल्यांचं कार्बन वय दुरुस्तीशिवाय छापू नका, शेकडो वर्षांनी चुकतं. जीपीएस बोटीवर असतो आणि फिश, म्हणजे सोनारचा ओढत न्यायचा भाग, मागे केबलवर, ते अंतर वजा करा. साइड स्कॅनला, म्हणजे दोन्ही बाजूंचा तळ दाखवणाऱ्या सोनारला, गाळाखालचं दिसत नाही, त्यासाठी सब-बॉटम प्रोफायलर लागतो. आणि गाळात वायू अडकला असेल तर तोही आंधळा.

मच्छीमारांना विचारायचं मात्र हमखास राहतं. उत्तर समुद्रात १९३१ साली कोलिंडा नावाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात पीटचं, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचं, ढेकूळ आलं, त्यात हरणाच्या शिंगाचं काटेरी भाल्याचं टोक होतं. सर्व्हेच्या आदल्या संध्याकाळी मी धक्क्यावर बसतो, जाळी कुठं फाटतात ते विचारतो आणि नकाशावर पेन्सिलीनं फुल्या मारतो.