बाजाचे पिल्लू आईबापांपासून केव्हा काढावे? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये बाज (इंग्रजीत गॉसहॉक) घेऊन शिकारीला जाणारे बाजदार आज बहुतांशी पैदासगृहात जन्मलेले पक्षी पाळतात. दर वर्षी मे-जूनमध्ये अंडी फुटू लागली की त्यांच्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : पिल्लू आईबापांपासून कितव्या दिवशी काढावे? उत्तरही बहुधा एका आकड्यात मिळते. कोणी दहावा दिवस सांगतो, कोणी चौदावा, तर कोणी तीन महिने थांबायला सांगतो. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि घोटाळा नेमका तिथेच होतो, कारण प्रत्येक आकड्यामागे वेगळ्या स्वभावाचा पक्षी अभिप्रेत असतो. माणसाला आपल्यातलाच मानणारा बाज हवा आहे, की आईबापांनी वाढवलेला आणि माणसाकडे परका म्हणून पाहणारा बाज हवा आहे, हे अंडे फुटण्यापूर्वीच ठरलेले असावे. ते न ठरवता केवळ तारखेची चौकशी करणे ही पहिली चूक होय, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच जन्मतात.

बाज हा आपल्या शिक्र्याच्या कुळातला, पण त्याहून कितीतरी मोठा आणि ताकदवान पक्षी आहे. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते आणि सहज किलोच्या वर भरते. घरट्यात साधारणतः तीन-चार अंडी असतात आणि ती उबवायला सुमारे पाच आठवडे लागतात. पिल्ले बाहेर आल्यावर पहिले आठ-दहा दिवस मादी त्यांच्यावरून फारशी हलत नाही. शिकार आणण्याचे काम नर करतो. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लू स्वतःचे अंग स्वतः गरम ठेवू लागते आणि त्याच सुमारास पंखांच्या व शेपटीच्या पिसांच्या नळ्या लवेतून डोके वर काढतात. पाचव्या आठवड्यात ते घरट्याच्या कडेवरून शेजारच्या फांद्यांवर जाऊ लागते, सहाव्याच्या आगेमागे उडते आणि त्यानंतरही महिनाभर किंवा अधिक काळ आईबापांनी आणलेल्या अन्नावर जगते.

या संपूर्ण काळात पिल्लाच्या मनावर ठसा उमटत असतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1935 मध्ये ज्याचे वर्णन केले, तो हंसांच्या पिल्लांवरचा ठसा काही तासांत पक्का होतो, कारण ती पिल्ले जन्मतःच चालू लागतात आणि कोणाच्या मागे जायचे हे त्यांना लगेच कळावे लागते. बाजाचे पिल्लू कित्येक आठवडे घरट्यात बसून असते, त्यामुळे त्याचा ठसा हळूहळू आणि थरांनी बसतो. अन्न कोण देतो, भावंड कोण, वैरी कोण आणि पुढे जोडीदार कोणाला मानायचे, या गोष्टी एकाच दिवशी ठरत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक : मधल्या आठवड्यांत पिल्लू काढणे

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून साधारण पिसे पक्की होईपर्यंतचा काळ टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि नवख्या बाजदाराला नेमका याच काळाचा मोह पडतो. पिल्लू तेव्हा धडधाकट दिसते, त्याला ऊब द्यावी लागत नाही, मांस स्वतः फाडून खाता येते आणि ते अजून पळून जाण्याइतके मोठे नसते. पाळणाऱ्याच्या सोयीने पाहिले तर याहून चांगली वेळ नाही. पिल्लाच्या बाजूने पाहिले तर याहून वाईट वेळ नाही.

या वयात त्याने आईबापांना ओळखलेले असते, त्यामुळे माणूस त्याला खऱ्या अर्थाने आपला वाटत नाही. पण अन्नासाठी ओरडण्याची त्याची वृत्ती ऐन भरात असते आणि माणसाची भीती मात्र पुरती बसलेली नसते. मग पाचसहा दिवसांतच समोर दिसणारा माणूस म्हणजे अन्न, एवढे एकच समीकरण त्याच्या डोक्यात पक्के होते. असा पक्षी माणूस दिसला की ओरडतो, हातमोज्यावर बसला तरी ओरडतो, खाद्य मिळाले की पंख पसरून ते झाकतो आणि जवळ येणाऱ्या हातावर पाय मारतो. मादी बाजाची पकड हातावर बसली की ती सहजी सुटत नाही आणि चेहऱ्याजवळ पक्षी धरणाऱ्याच्या डोळ्यांनाही धोका असतो. आईबापांकडे पूर्ण वाढलेल्या बाजाचे शांतपण त्याच्याकडे नसते आणि लहानपणीच काढून नीट वाढवलेल्या बाजाचा विश्वासही नसतो.

म्हणून वाजवी वेळा दोनच उरतात. माणसाचा ठसा असलेला बाज हवा असेल, तर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू काढावे. त्याआधीचे दिवस आईच्या उबेत आणि तिच्या चोचीतून भरवण्यात गेलेले चांगले, कारण ते काम तिच्याइतके नेमके कोणालाही जमत नाही. आईबापांकडचा बाज हवा असेल, तर शेवटचे पीससुद्धा पक्के होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ, त्याला हात लावू नये.

वय मोजताना होणारी गफलत

बाजाची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. थोरल्या आणि धाकट्या पिल्लात दोन-तीन दिवसांचे अंतर सहज पडते, आणि पैदास करणाऱ्याच्या वहीत मात्र बहुधा पहिल्याच पिल्लाची तारीख असते. त्यातच नर लहान असूनही लवकर वाढतो आणि त्याची पिसे मादीच्या आधी येतात, त्यामुळे एकाच घरट्यातली दोन पिल्ले वेगवेगळ्या वयाची भासतात. कॅलेंडर उपयोगाचे असले तरी शेवटचा निवाडा पिल्लाकडे पाहून करावा. योग्य वयाचे पिल्लू पांढुरक्या दाट लवेत असते, घोट्यांवर टेकून बसते, पंखाच्या कडेला निळसर नळ्यांची टोके नुकती दिसू लागलेली असतात आणि विष्ठा टाकण्यापूर्वी ते मागे मागे सरकत घरट्याच्या काठाशी जाते. पाठीवर तपकिरी पिसांचे पट्टे दिसू लागले असतील, तर ती वेळ टळलेली आहे असे समजून त्या पिल्लाला आईबापांकडेच राहू द्यावे.

ओळखीसाठी पायात घालायच्या बंद कडीचा प्रश्नही वयाशी बांधलेला आहे. ही अखंड कडी पाऊल लहान असतानाच चढते. पाऊल वाढले की ती चढत नाही आणि फार लवकर घातली तर गळून पडते. मादीचा पाय जाड असल्याने नर-मादी ओळखण्यात चूक झाली की कडीचे मापही चुकते. ब्रिटनमध्ये बाज 1981 च्या वन्यजीव कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात असल्याने पाळलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंदणी लागते आणि विक्रीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. ओळखीची खूण आणि कागद पुरे नसतील, तर पिल्लू ताब्यात घेऊ नये. रानातल्या घरट्यातून परवान्याशिवाय पिल्लू उचलणे तिथे सरळ गुन्हा आहे. अमेरिकेत परवानाधारक बाजदाराला घरट्यातून पिल्लू घेता येते, पण तिथेही घरट्यात किमान एक पिल्लू मागे ठेवावे लागते आणि शिकाऊ परवानाधारकाला घरट्यातले पिल्लू घेण्यास मनाई आहे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

पिल्लू घरी आल्यावर

योग्य दिवशी काढलेले पिल्लूसुद्धा पुढच्या चार आठवड्यांत बिघडवता येते, आणि ते बिघडते प्रामुख्याने भुकेने. आपल्या हाताने एकेक घास भरवण्यात माया असते हे खरे, पण प्रत्येक घासागणिक हात म्हणजे अन्न हा धडा पक्का होत जातो. त्याऐवजी बारीक केलेले मांस पसरट भांड्यात पिल्लाच्या पुढ्यात सतत असावे, ते भांडे त्याची पाठ असताना किंवा झोपेत ठेवले जावे, आणि पिल्लाला ओरडून अन्न मागण्याची वेळच येऊ नये. माणूस त्याच्या आसपास भरपूर असावा, पण रिकाम्या हाताने. घरातली माणसे, कुत्रा, गाडी, पाहुणे हे सगळे त्याने पोट भरलेले असताना पाहावे. भांडे रिकामे झाले, पिल्लू ओरडले आणि लगेच माणूस मांस घेऊन आला, असे थोड्या वेळा झाले तरी ओरडण्याने काम होते हे ते शिकते.

पिसे वाढत असताना उपाशी ठेवून पक्ष्याचे वजन उतरवायला लागणे हीदेखील याच जातीची चूक आहे. उपासाच्या दिवसाची खूण त्या दिवशी वाढणाऱ्या प्रत्येक पिसावर आडव्या कमजोर रेघेच्या रूपाने उरते आणि पुढे ऐन हंगामात पीस नेमके त्या रेघेवर मोडते. दहा-बारा आठवडे पुरे होईपर्यंत वजनकाट्याचा उपयोग फक्त पिल्लू वाढते आहे ना, हे पाहण्यासाठी करावा.

आहारात नुसते लाल मांस देणे घातक आहे. त्यात कॅल्शियम फार कमी असते आणि आठवड्याला दुप्पट होऊ पाहणाऱ्या हाडांना ते पुरत नाही. मग पाय वाकतात, हाडे किरकोळ धक्क्यानेही मोडतात आणि एकदा वाकलेला पाय सहसा पूर्ववत होत नाही. हाडांसकट बारीक केलेला लाव्हा पक्षी हे सर्वांत निर्धोक अन्न आहे. अगदी लहान पिल्लाला पिसे आणि केस देऊ नयेत, मात्र दहाव्या दिवसानंतर ते थोडे थोडे द्यावेत, म्हणजे पचन न झालेल्या भागाची गोळी ओकून टाकण्याची सवय लागते. गळ्यातली अन्नपिशवी रिकामी झाल्याशिवाय पुढचे खाणे त्याच्या गळी उतरवू नये. कबुतराचे ताजे मांस टाळावे, कारण त्यातून तोंडात व घशात पांढरट चट्टे आणणारा ट्रायकोमोनास हा परजीवी येतो.

बैठकीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गुळगुळीत तळाच्या खोक्यात पिल्लाचे पाय फाकतात, म्हणून खाली काटक्यांचे किंवा खरखरीत कापडाचे बस्तान हवे. ओलसर गवत किंवा बुरशी आलेला पेंढा तर मुळीच वापरू नये, कारण फुप्फुसांत वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीला बाज विशेष बळी पडतो आणि लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

आईबापांकडे वाढणाऱ्या पिल्लाबाबतीत चुका कमी होतात, पण ज्या होतात त्या अधीरतेच्या असतात. उडू लागले म्हणजे तयार झाले, असे समजून सहाव्या-सातव्या आठवड्यात त्याला पकडले जाते. त्या वेळी शेपटीच्या आणि पंखांच्या लांब पिसांची मुळे अजून रक्ताने भरलेली, मऊ असतात. जाळीवर आपटून किंवा मुठीत दाबले जाऊन ती मोडली की भळाभळा रक्त येते आणि नवे पीस वाकडे येण्याची भीती राहते. शिवाय ते ओरडण्याच्या वयातच माणसाच्या हाती येते, म्हणजे मधल्या आठवड्यांची चूक पुन्हा मागच्या दाराने घरात शिरते. चारही बाजूंनी बंद, फक्त वरून उघडे पक्षिगृह आणि भिंतीतल्या नळीतून आत सरकवलेले खाद्य, अशी व्यवस्था असेल तर पिल्लू अन्न आणि माणूस यांची सांगड कधीच घालत नाही. खाद्य मात्र भरपूर हवे. अन्न कमी पडले तर थोरली मादी धाकट्या नराला मारून खाते, आणि असे रानातल्या घरट्यांतही घडते.

पक्षी आधीच ओरडत असेल तर

आधी त्याचे वय पाहावे. पाच ते दहा आठवड्यांचे पिल्लू रानातही आईबापांना पाहून ओरडतेच. तेवढ्यावरून पक्षी बिघडला असा निष्कर्ष काढून त्याला उपाशी ठेवले, तर नसलेला दोष आपणच निर्माण करतो. बारा आठवड्यांनंतरही ओरडणे चालू असेल, तर वजन थोडे वाढवावे, हातमोज्यावर खाऊ घालणे कमी करावे, दिवसातून दिसावे जास्त आणि अन्नासह दिसावे कमी. ओरडण्याला उत्तर म्हणून जवळ जाणे, रागावणे, डोळ्यांवर टोपी चढवणे या तिन्ही गोष्टी पक्ष्याला प्रतिसादच वाटतात. सर्वांत जास्त गुण येतो तो शिकारीने : स्वतः पकडलेल्या सावजावर पोट भरू लागले की माणसाकडे मागण्याचे कारण उरत नाही, आणि पहिला हंगाम भरपूर शिकारीचा गेला तर पुष्कळ पक्षी निवळतात. काही निवळत नाहीत. अशा पक्ष्याला अनुभवी हाती द्यावे; शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून ठेवून त्याचे आणि त्यांचे हाल करू नयेत.

त्याला रानात सोडून देणे हा मात्र उपाय नाही. ब्रिटनमधून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळपास नाहीसा झालेला बाज 1960-70 च्या दशकांत बाजदारांकडून सुटलेल्या आणि सोडलेल्या पक्ष्यांमुळे पुन्हा रुजला, हा दाखला यावर नेहमी दिला जातो. ते बरेचसे युरोपातल्या रानांतून आणलेले पक्षी होते आणि बाजाशी बाज म्हणून वागणे त्यांना ठाऊक होते. माणसाचा ठसा असलेला बाज भूक लागली की माणसांकडे येतो, विणीच्या दिवसांत माणसाला जोडीदार किंवा प्रतिस्पर्धी समजतो आणि त्याच्यावर झेपावतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. इथे बाज नाही, पण उन्हाळ्यात झाडाखाली पडलेले शिक्र्याचे किंवा घारीचे पिल्लू कोणीतरी उचलून घरी आणते आणि चिकनचे तुकडे भरवू लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार ते पाळता येत नाही, आणि वर सांगितलेले सगळे त्यालाही तितकेच लागू आहे : नुसत्या मांसाने त्याचे पाय वाकतात आणि आठवड्याभरात माणूस म्हणजे अन्न हे ते शिकते. पिसे आलेले पिल्लू जखमी नसेल तर त्याच झाडाच्या फांदीवर ठेवून दूर व्हावे. आईबाप बहुधा जवळच असतात आणि माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लाला टाकत नाहीत. जखमी असेल किंवा अजून नुसत्या लवेत असेल, तर पुठ्ठ्याच्या हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि मदत येईपर्यंत त्याला पाणी किंवा दूध पाजू नये.