चढ-उताराच्या वाटांसाठी एटीव्ही निवडताना

नाशिकहून त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीकडच्या डोंगरउतारावर ज्यांची स्वतःची जमीन आहे, त्यांनी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची रुंद टायरांची, हँडलवाली चारचाकी, घेताना इंजिनाच्या सीसीपेक्षा ते वाहन उतारावर कसे वागते हे आधी पाहावे, कारण चढ चुकला तर गाडी बहुतेकदा थांबते, पण उतार चुकला तर ती थांबत नाही. बऱ्याच एटीव्हींमध्ये पट्ट्यावर चालणारे सीव्हीटी, म्हणजे गिअर न बदलता वेग जुळवणारी स्वयंचलित यंत्रणा, असते. इंजिन ब्रेकिंगची, म्हणजे इंजिननेच वेग रोखण्याची, सोय नसेल, तर थ्रॉटल (वेग वाढवणारी कळ) सोडताच पट्टा सैल पडून गाडी मोकळी घरंगळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून चाचणीच्या वेळी लो गिअरमध्ये सौम्य उतारावर अंगठा थ्रॉटलवरून काढावा, ब्रेकजवळ बोटे तयार ठेवावीत आणि गाडी स्वतःहून वेग आटोक्यात ठेवते का, हे अनुभवावे.

फोर-व्हील ड्राइव्ह तर हवेच. आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली, गाडी वळायला सोपी असते, मात्र उभ्या चढावर ती मागे उलटण्याचा धोका अधिक असतो. ग्राउंड क्लिअरन्स जितका वाढतो तितका गुरुत्वमध्यही वर जातो, त्यामुळे केवळ उंच गाडी पाहून भुलू नये. सुट्या मुरुमावर आणि पावसाळ्यातील शेवाळलेल्या काळ्या कातळावर खोल नक्षीच्या टायरांपेक्षाही हवेचा दाब महत्त्वाचा ठरतो. तो साधारण ५ ते ७ पीएसआय, म्हणजे मोटारीच्या तुलनेत फारच कमी असतो, आणि पेट्रोल पंपावरचा गेज तिथे उपयोगी पडत नाही.

बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नसल्याने ती जमिनीपर्यंत वाहून नेणाऱ्या पिकअप गाडीचा खर्चही आधीच धरावा.