पाळणाघराचं दार: उघड्या दारांच्या गावात कडी कशी लावायची

आमच्याकडे दिवसा दार लावायची पद्धतच नाही. रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही वाडीत जा, सकाळी अंगणात सडा पडला की पुढचं दार जे उघडतं ते रात्रीची जेवणं होईपर्यंत उघडंच, आणि तिन्हीसांजेला तर मुद्दाम उघडं, लक्ष्मी यायची वेळ ना. त्यामुळे मी घरात पाळणाघर सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात दुपारी दार लावून बसले तेव्हा शेजारच्या काकी पडवीतूनच ओरडल्या, "काय गो, एवढं काय सोनं ठेवलंयस आत?" म्हटलं, काकी, दुसऱ्याचं आहे म्हणून तर लावलंय.

त्यांना राग आला होता, दोन दिवस ताकसुद्धा पाठवलं नाही. हे आधी सांगतेय कारण कोकणात घरी पोरं सांभाळायची म्हटलं तर कुलूप कुठलं घ्यायचं हा सोपा भाग आहे, दुकानात जाऊन आणता येतं, पण दार बंद ठेवायची सवय स्वतःला आणि आल्यागेल्याला लावणं हेच जास्त जड जातं.

माझ्याकडे आठ मुलं असतात, एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची, मी आणि एक मदतनीस मावशी. पहिल्या वर्षीच अद्दल घडली. पुढचं दार एकदम पक्कं, वर कडी खाली कडी, मी निर्धास्त. आणि जुलैमधे दुपारी अचानक सर आली म्हणून मावशी परड्यात, म्हणजे मागच्या आवारात, वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या, मागचं दार नुसतं लोटलेलं, त्यातून एक तीन वर्षांचा बाबू बाहेर. मला कळलं कधी, तर दूध द्यायला बसले आणि सात कप भरून आठवा उरला तेव्हा. शेजारच्या गोठ्यात सापडला, भिजलेला, वासराच्या समोर उभा. पाचदहा मिनिटंच झाली असतील पण वाटेत आमची विहीर आहे. विहिरीला लोखंडी जाळी होती म्हणून आज हे लिहितेय.

तर पहिलं काम हे, की घराभोवती एक फेरी मारा आणि बाहेर पडायच्या जागा मोजा. मी सांगितलं असतं दोन, पुढचं आणि मागचं. निघाल्या पाच. पडवीचं बाजूचं दार, न्हाणीघराचं बाहेर उघडणारं दार आणि माळ्याच्या जिन्यावरून गच्चीत जाणारं. फेरी मारताना एकदा गुडघ्यावर बसून बघा, पोराच्या उंचीवरून वेगळंच घर दिसतं, कुठलं स्टूल कुठल्या कडीखाली आहे, गडग्यातला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीतला, कुठला चिरा निखळलाय, बेड्याच्या, म्हणजे कुंपणाच्या फाटकाच्या, खालून किती फट आहे, सगळं. विहीर, पाण्याची टाकी, हौद यांना जाळी आणि जाळीला कुलूप, त्याची किल्ली दाराच्या किल्ल्यांबरोबर नको.

आता कडी. मुलांच्या पाळणाघराचं दार तीन परीक्षांत पास व्हायला पाहिजे. बाहेरच्याला उघडता येऊ नये. आतल्या पोराला उघडता येऊ नये. आणि आतल्या मोठ्या माणसाला मात्र अंधारात, काखेत बाळ, एका हाताने, किल्ली न शोधता उघडता आलं पाहिजे. ही तिसरी लोक विसरतात. मी अशी घरं बघितलीत जिथे पोरं पळू नयेत म्हणून आतून कोयंड्याला टाळं घालतात आणि किल्ली देवघरात. अहो, गॅस लीक झाला, पडद्याने पेट घेतला तर? पहिले धूर होतो, मग काही दिसत नाही, आणि तेव्हा तुम्ही देवघरात किल्ली चाचपडणार? आतून टाळं अजिबात नको. त्याऐवजी टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायच्या दांडीची कडी, जमिनीपासून निदान पाच फुटांवर. चारपाच वर्षांचं पोर हात उंच करून साधारण चार-साडेचार फुटांपर्यंत पोचतं, त्याच्या वरचं आपलं. खुर्ची ओढून आणणारी कार्टी असतातच, म्हणून दाराजवळ प्लॅस्टिकची खुर्ची, बादली, चपलांचं स्टँड काहीही ठेवू नका. जुन्या घरात दारामागे लाकडी अडसर असतो तो रात्रीसाठी झकास पण दिवसा मुलं असताना लावू नका, दोन हात लागतात काढायला आणि पायावर पडला तर वेगळंच.

लॅचचं कुलूप, म्हणजे ओढलं की आपोआप लागतं ते, चांगलं आहे पण आपल्या इथे एक भानगड. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले की दार धाडकन बंद. तुम्ही चप्पल घालून दोन पावलं पडवीत, आणि पोरं आत, किल्ली आत, भाताला शिटी चालू. म्हणून लॅच असेल तर किल्ली अंगावरच, गळ्यात नाहीतर कमरेला, खुंटीवर नाही. मी नाडीत अडकवते, दिसायला गावठी दिसतं पण दिसू दे.

आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते जाळीचं सेफ्टी डोअर. आपल्याकडची हवा म्हणजे मार्चपासूनच घामाच्या धारा, लाकडी दार बंद करून आठ पोरांना आत ठेवायचं म्हणजे भट्टी. जाळीचं दार लावून लाकडी उघडं ठेवलं की वारा येतो, येणारा माणूस दिसतो, आणि काकींशी गप्पाही मारता येतात, ताक परत चालू झालं ते ह्या दारामुळेच. फक्त जाळी बारीक घ्या, बाहेरून हात घालून आतली कडी निघता कामा नये, बऱ्याच दारांना फॅब्रिकेटर नेमकी कडीजवळच मोठी चौकट सोडतो.

मागच्या दाराचा नियम एकच, मुलं घरात आहेत तोवर ते बोल्ट लावून. धुणं, मासे साफ करून घाण टाकणं, नारळ गोळा करणं, जे काय परड्यातलं आहे ते मुलं यायच्या आधी नाहीतर झोपल्यावर, आणि तेव्हाही जाताना दुसरीला तोंडाने सांगायचं, "मी मागे चाललेय." बऱ्याच घरांत मागे अर्धं दार असतं, कोंबड्या कुत्री आत येऊ नयेत म्हणून, त्याच्यावर भिस्त ठेवू नका, अडीच वर्षांचं पोर त्यावर चढून पलीकडे जातं. मी मागच्या दाराला घुंगरं बांधलीत, दार जरा हललं तरी पुढच्या खोलीत ऐकू येतं. सेलवर चालणारे लोहचुंबकाचे अलार्म पण मिळतात, ते लावले तरी हरकत नाही, पण घुंगरांचे सेल संपत नाहीत.

पावसाळ्याचं वेगळं सांगते कारण पुण्यामुंबईच्या लोकांना हा ताप एवढा कळत नाही. जून लागला की लाकूड फुगतं, दार चौकटीत अडकतं, बोल्टची दांडी आणि भोक जुळत नाही, मग आपण काय करतो तर अर्धीच कडी सरकवतो नाहीतर दार नुसतं ओढून घेतो. तिथेच घात होतो. भर पावसात सुताराला बोलवून रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात तेच दार सुकून बोटभर फट पडेल आणि त्या फटीतून फुरसं, तो विषारी साप, आत येईल, आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काही कमी नाहीत. मेमधे दार पूर्ण सुकलेलं असताना वरची आणि खालची कड रंगवून घ्या, लोक पुढचा भाग चकचकीत रंगवतात आणि कडा कोऱ्या ठेवतात, पाणी तिथूनच तर पितं लाकूड. तरी फुगलं तर दांडीचं भोक कानसने जरा मोठं करा. आणि खाली रबराची पट्टी लावा, फट बुजते.

खाऱ्या हवेत साधा लोखंडी बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट बसतो. पितळी घ्या, नाहीतर स्टीलचा घ्यायचा तर ३१६ ग्रेडचा मागा, नेहमीच्या ३०४ पेक्षा तो समुद्रकाठी जास्त टिकतो. कुलपात खोबरेल घालायची सवय सोडा, धूळ धरतं आणि आत चिकटा होतो. पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासून किल्ली दोनचार वेळा फिरवा, मस्त चालतं.

लाइटचं तर काय बोलायचं, जरा वारा आला की गेली. म्हणून फक्त लाइटवर चालणारी बेल, वायफायवाला कॅमेरा यांच्या भरवशावर राहू नका, दाराला एक साधी दोरीची घंटा ठेवाच. कॅमेरा लावत असाल तर पालकांना सांगून लावा, न्हाणीघर आणि कपडे बदलायच्या जागेकडे तोंड नको, आणि त्यातले व्हिडिओ कुणाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, कितीही गोड असले तरी.

मुलांच्या न्हाणीघराचं जे दार घरात उघडतं त्याची आतली कडी काढूनच टाका. एक मुलगी आत कोंडून घेऊन अर्धा तास रडत होती, आम्ही बाहेरून "वर कर, वर कर" आणि ती खाली करतेय. शेवटी बिजागरी खोलली. बिजागरीच्या बाजूच्या फटीत बोटं चेमटतात, तिथे फोमची नाहीतर जाड कापडाची पट्टी खिळून टाका.

आता माणसं. खरा प्रश्न चोराचा नाहीच, ओळखीच्या माणसाचा आहे. गणपतीच्या आधी चाकरमानी उतरतात तेव्हा एकदा एक गृहस्थ आले, हातात पेढे, एकदम घरच्यासारखे, "मी हिचा मुंबईचा काका, वहिनी बाजारात आहे, मला म्हणाली घेऊन जा." मुलगी पण हसली त्यांना बघून. मी जाळीच्या आतूनच त्यांना पडवीत बसवलं, पाणी दिलं, आणि आईला फोन लावला. तिने फोन उचलला नाही. वीस मिनिटं ते गृहस्थ बसून, चेहरा लाल, मला म्हणाले मी काय तुम्हाला चोर वाटतो का. मग आईचा फोन आला, काका खरेच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं पण पोर दिलं नव्हतं हे बरंच केलं, आणि त्या आईने नंतर हात धरून आभार मानले.

तेव्हापासून प्रवेशाच्या दिवशीच एक कागद भरून घेते, कोण कोण न्यायला येऊ शकतं, नाव, नातं, मोबाइल आणि फोटो. यादीत नसलेला कुणीही आला तर पालकाने आधी फोन करायचा आणि ठरलेला शब्द सांगायचा. शब्द दरवेळी असा की बाहेरचा ओळखू शकणार नाही, मुलाचं लाडाचं नाव तर अजिबात नको, ते वाडीत सगळ्यांना माहीत असतं. आणि फोन तुमच्याकडे लिहिलेल्या नंबरवर करा, समोरचा माणूस "हा घ्या, बोला ताईशी" म्हणून आपला मोबाइल पुढे करतो त्यावर नाही. आईवडलांचं आपापसात बिनसलं असेल तर तुम्ही न्यायाधीश होऊ नका, कोर्टाचा कागद असेल तर झेरॉक्स मागून फाइलला लावा. न्यायला आलेला माणूस प्यायलेला असेल तर तो बाप असला तरी मूल आत ठेवून घरी दुसऱ्याला फोन करा.

दार सगळ्यात जास्त उघडतं ते सोडायच्या आणि न्यायच्या वेळेला. एकजण दारात, एकजण मुलांजवळ, एका वेळी एकच पालक. मागून येणाऱ्यासाठी पालकांनी दार धरून ठेवायचं नाही, प्रत्येकासाठी आपण लावायचं आणि आपण उघडायचं. मुलांनी दार उघडायचं नाही, दारात स्वतःची आई असली तरी. वहीत वेळ आणि सही. आणि प्रत्येक वेळी कडी लागली की डोकी मोजा, मनात नाही, मोठ्याने, आमची मुलंच आता माझ्याबरोबर मोजतात आणि एक जण नेहमी सहाच्या नंतर आठ म्हणतो.

मासेवाली दहाला येते, "वैनी, बांगडे ताजे हायत" म्हणत थेट माजघरापर्यंत यायची तिची पंचवीस वर्षांची सवय, तिला पडवीत पाट टाकून दिला, झालं. गॅसवाला आला की मुलं आतल्या खोलीत, मग दार. मीटर बघायला आलाय म्हणणाऱ्याचं ओळखपत्र जाळीतून बघा. शिमग्यात पालखी घरी येते त्या दिवशी मात्र दार बंद ठेवणं हा विषयच नाही, म्हणून त्या दिवशी पाळणाघराला सुट्टी, तारीख पालकांना आधीच सांगते. गौरीगणपतीलाही तेच. वादळाचा इशारा असला तरी सुट्टीच, निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमचं दोन फळ्यांचं दार आतून बोल्ट असूनही बिजागरीसकट हललं होतं.

महिन्यातून एकदा बाहेर पडायची तालीम करा. ताटली वाजवायची, सगळ्यांनी दोरी धरायची, पुढच्या दाराने अंगणात फणसाखाली. मग एकदा पुढचं दार बंद आहे असं धरून मागून. खिडक्यांना गज असतातच आपल्याकडे, त्यातली एक तरी खिडकी उघडणाऱ्या ग्रिलची करून घ्या. दाराशेजारी ठळक अक्षरात ११२, मुलांसाठी १०९८, अँब्युलन्स १०८, आग १०१, आणि खाली आपल्या घराचा पत्ता खुणेसकट लिहून ठेवा, घाबरल्यावर मावशींना स्वतःच्या वाडीचं नाव आठवत नाही, मी बघितलंय.

मदतीला कुणाला ठेवाल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, गावातलीच असली तरी. तिने काम सोडलं की किल्ली परत घ्या आणि ठरलेले शब्द बदला. जास्तीची किल्ली एका शेजारणीकडे द्या, माझी त्याच काकींकडे आहे. पण ती तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, पायपुसण्याखाली किंवा कौलाच्या सांदीत ठेवू नका, तिथे किल्ली असते हे अख्ख्या वाडीला माहितीय.